ताब्याची खुर्ची

माझ्या धाकट्या जावेच्या खडकाळ जमिनीला गिऱ्हाईक आलं, तेही चारचाकीतून, हे मला कळलं तेव्हा मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत उभी होते. फोनवर जाऊच होती. "ताई, आज परत एक जण विचारून गेला," ती म्हणाली. तिचा सगळा जीव त्या 'परत'मध्ये होता. मी म्हटलं, "अरे वा, छानच झालं." आणि फोन ठेवून ह्यांचा शर्ट असा पिळला की त्याची दोन बटणं खालच्या काकांच्या कुंडीत जाऊन पडली.

तशी मी मत्सरी बाई नाही. जावेचं घर माझ्या घरापेक्षा मोठं आहे, तिचे केस अजून काळे आहेत, तिचा नवरा तिला विचारल्याशिवाय स्वतःचे मोजेसुद्धा घेत नाही. यातल्या कशानेही माझ्या पोटात दुखलं नाही. निदान सगळ्याने एकाच वेळी दुखलं नाही. पण जमिनीची गोष्ट वेगळी होती, कारण दोघींत जमीन माझी चांगली होती.

सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी आम्हा चौघांना गावाबाहेरच्या रस्त्यावर उभं केलं आणि काठीने वाटणी केली. डाव्या हाताचा तुकडा थोरल्याचा, म्हणजे आमचा. त्यात विहीर आणि काळीभोर माती. उजव्या हाताचा धाकट्याचा. त्यात खडक, आणि खडकांच्या अधेमधे थोडी जमीन. सासरे म्हणाले, "धाकट्याची नोकरी चांगली आहे, त्याचं भागेल." आमच्या ह्यांच्या नोकरीबद्दल त्यांचं काय मत होतं, ते अशा रीतीने भर रस्त्यात सगळ्यांना कळलं.

काठीने झालेली वाटणी कागदावर मात्र उतरली नाही. सोळा वर्षं दोन्ही तुकडे सासऱ्यांच्याच नावावर राहिले आणि कोणाचं काही अडलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी गावात जमीन कचेरीचं शिबिर भरलं. एका दिवसात नाव लागणार होतं. दोन्ही भावांनी मिळून जायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "दोघांनी कशाला रांगेत ताटकळायचं? त्यांचं कसं काय होतंय बघू, आपण पुढच्या शिबिराला जाऊ." पुढचं शिबिर अजून भरायचं आहे.

दिरांना रजा नव्हती, म्हणून त्यांचं संमतिपत्र घेऊन जाऊ एकटी गेली आणि संध्याकाळी स्वतःच्या नावाचा, शिक्क्याचा, नकाशा जोडलेला कागद घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने तो प्लास्टिकमध्ये घालून घेतला. बाळंतिणीला भेटायला जावं तसे आम्ही तो कागद बघायला गेलो.

आणि मग खडकांना चांगले दिवस आले. पहिल्याच वर्षी एक रोपवाला तिची जमीन सात वर्षांच्या कराराने घेऊन गेला. त्याने सुरुंग लावून खडक फोडला, लांबून पाइप आणला, हिरवी जाळी ताणली आणि खाली चार हजार रोपं मांडली. मी त्याला एकदा विचारलं, "अहो, शेजारी विहीर आहे, माती आहे. हे दगड कशाला घेतलेत?" तो म्हणाला, "ताई, दगड मी फोडीन. कागद कुठून फोडून काढू?"

माझ्याकडे कोणी येत नव्हतं असं नाही. रस्त्यावर थांबणारा प्रत्येक जण आधी माझ्याच मातीकडे बघायचा. खाली उतरायचा, मूठभर माती उचलायचा. मग तो प्रश्न.

"कागद कोणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"ते कुठे असतात?"

मी आभाळाकडे बोट करायचे. तो माणूस मूठ उघडून माती खाली सोडायचा, हात झटकायचा आणि जावेचा फोन नंबर मागायचा. तो नंबर मी स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आहे. तीनदा.

आता कोणी म्हणेल, मग तुम्हीही जमीन करायला द्यायची. खालचे काका तसं देऊ देतील तर. हे काका कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्यापाशी कायद्याचं ज्ञान इतकं आहे की ते घरात मावत नाही, म्हणून ते जिन्यात उभे राहतात. "नावावर कागद नाही आणि दुसऱ्याला कसायला देता?" ते म्हणाले होते. "गेलीच म्हणून समजा. तुमच्याकडे आहे काय? फक्त ताबा. ताबा दिसला पाहिजे. दर आठवड्याला जाऊन बसा."

म्हणून आम्ही बसत होतो. एकोणीस वर्षं, दर रविवारी, दोन तासांची बस पकडून, डबा आणि घडीची खुर्ची घेऊन. खुर्ची विहिरीजवळ उघडायची, एकाने बसायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र तारीख दिसेल असं छातीशी धरायचं, हाही काकांचाच सल्ला. त्या फोटोंचे चार अल्बम आहेत. ते बघून ह्यांना कोणीतरी एकोणीस वर्षांपूर्वी पळवून नेलं आहे आणि सुटकेची बोलणी अजून चालू आहेत असं वाटतं.

माझी एक वहीसुद्धा होती. त्यात झाडांची यादी होती. पेरू आठ, सीताफळ सहा, शेवगा दोन, कडेने बांबू. दोन झाडांत किती पावलं ठेवायची तेही लिहिलं होतं. पण हे म्हणायचे, "कागद होऊ दे. उद्या कोणी हक्क सांगत आला तर झाडं काय पिशवीत घालून आणणार आहेस?" म्हणून एकोणीस वर्षांत मी फक्त एक लिंबू लावलं, तेही ह्यांचा डोळा लागला असताना. ते झाड चांगलं डोक्यावर गेल्यावर ह्यांनी विचारलं, "हे इथे आधीपासून होतं का गं?" मी म्हटलं, "हो."

तर, बटणं तुटली त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या नावाचा कागद करायचाच. विकायला नव्हे. मला जमीन विकायची नव्हतीच. कोणीतरी गाडी थांबवून मला भाव विचारावा, आणि मी विहिरीच्या काठावरून, त्याच्याकडे न बघता, "नाही हो, विकायची नाही" असं म्हणावं, एवढंच हवं होतं. आणि मग पेरू आठ, सीताफळ सहा.

जमीन कचेरीतला कारकून सज्जन होता. सज्जन कारकुनाचं काम जास्त हळू चालतं, कारण तो प्रत्येकाला नीट समजावून सांगतो. त्याने कपाटातून फाइल काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "सोपं आहे, मॅडम. दोन तुकडे. एक नंबर तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या नावावर झालाय. म्हणजे तुमचा तो उरलेला, दोन नंबर." मला 'उरलेला' हा शब्द आवडला नाही, पण मी सही केली. मग नोटीस. नोटीस जमिनीवर तीस दिवस चिकटलेली पाहिजे, म्हणजे कोणाला हरकत घ्यायची तर घेता येते. त्यानंतर मोजणी. आणि शेजारच्या मालकांच्या संमतीच्या सह्या.

"शेजारी म्हणजे धाकटी जाऊही?" मी विचारलं.

"त्याच तर पहिल्या," तो म्हणाला.

नोटीस मी लिंबाच्या खोडावर चिकटवली. नवव्या दिवशी ती बकरीने खाल्ली. कारकुनाला फोटो दाखवला, त्यात बकरीच्या तोंडात शिक्का स्पष्ट दिसत होता. तो म्हणाला, "नवीन नोटीस, नवीन तीस दिवस." दुसरी नोटीस मी जावेसारखी प्लास्टिकमध्ये घालून तारेने टांगली. तो म्हणाला, "मॅडम, नियमात चिकटवणे आहे. टांगणे नाही." तिसरी मी खळीने बकरीच्या उंचीच्या वर चिकटवली आणि चार रविवार तिच्याखालीच खुर्ची टाकून बसले. हे म्हणाले, "आपण जमीन राखतोय का कागद?" मलाही नीटसं माहीत नव्हतं.

जावेकडे सही मागायला जाताना मी आठ दिवस मनात बोलणं जुळवत होते. ती आढेवेढे घेईल, मग मी असं म्हणेन, ती तसं म्हणेल, मग मी उठून निघेन. तिने दार उघडलं, कागद घेतला आणि दारातच भिंतीला टेकवून सही केली. "इतके दिवस का थांबलात, ताई?" मग चहा केला, बिस्किटं काढली, जाताना ह्यांच्यासाठी डबा दिला. माणसाने दुसऱ्याचा अपमान करावा, पण इतका करू नये.

मोजणीच्या दिवशी सगळेच आले. दीर आणि जाऊ स्वतःच्या गाडीतून, आम्ही बसमधून, आणि खालचे काका आमच्याबरोबर, साक्षीला. रोपवाला झारी घेऊन जाळीत उभा होता. मोजणीदार तरणाताठा, अबोल माणूस होता. त्याने तिकाटण्यावर यंत्र उभं केलं, एक डोळा मिटला, आणि हातात लाल झेंड्या घेऊन चालू लागला. मी विहिरीजवळ खुर्चीवर बसले होते. माझ्या मालकीच्या झेंड्या माझ्याभोवती रोवल्या जाताना आपण बसलेलं दिसावं, असा माझा बेत होता.

तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ हिरव्या जाळीकडे गेला. पहिली झेंडी रोपवाल्याच्या पाइपापाशी, दुसरी फोडलेल्या खडकावर, तिसरी रस्त्याच्या कडेला.

"अहो, तुमची चूक होतेय," मी बसूनच म्हटलं. "ती जावेची."

तो नकाशा घेऊन आला. "मॅडम, अर्ज दोन नंबरचा आहे. दोन नंबर तो. तुम्ही बसलाय तो एक नंबर. ह्यांचा." त्याने जावेकडे बोट केलं. मग लिंबाकडे बघून म्हणाला, "आणि नोटीस शेजाऱ्याच्या झाडावर लावलीय. ती धरता येणार नाही. परत तीस दिवस."

मग जाऊ हळूच म्हणाली, "मी शिबिरात रस्त्यावरून उजव्या हाताचा म्हटलं होतं."

"कुठे म्हटलंत?" मोजणीदाराने विचारलं.

"टेबलापाशी. नकाशा पसरला होता, त्यांनी त्यावर बोट ठेवलं. उजवीकडेच."

मोजणीदाराने उसासा टाकला. रस्ता उत्तरेला. रस्त्यावर उभं राहून जमिनीकडे तोंड केलं की उजवा हात पश्चिमेला. नकाशात उजवीकडे पूर्व. सासऱ्यांनी काठी रस्त्यावर उभं राहून फिरवली होती, आणि शिबिरातल्या माणसाने बोट खुर्चीत बसून ठेवलं होतं. तीन वर्षं माझी विहीर, माझी काळी माती आणि माझं लिंबू जावेच्या प्लास्टिकमध्ये होतं, आणि माझ्या वाट्याला आला होता तो उरलेला.

रोपवाला झारी खाली ठेवून माझ्यापाशी आला. "ताई, माझ्या करारावर एक नंबर लिहिलंय. रोपं तर दोन नंबरवर आहेत. मग मी आता कोणाचा?"

मी त्याला म्हटलं, "बघू." खरं सांगायचं तर ते 'बघू' माझ्या तोंडून फार ऐटीत निघालं. त्याचा चेहरा पडलेला मला दिसला. थोडा नंतर दिसला असता तर ती ऐट जरा टिकली असती.

परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी येऊन बसले, त्यांचे डोळे चकाकत होते. "वहिनी, हात मारलात तुम्ही. दोन नंबर तुमच्या नावावर होणार, म्हणजे रोपवाला तुमचा. आणि एक नंबरवर तुम्ही एकोणीस वर्षं बसलाय. वर्तमानपत्रासकट. अल्बम आहेत. लावा दावा. दोन्ही तुमचे."

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असं कुठे असतं का?" पण माझ्या मनात तोवर पाइप विहिरीला जोडून झाला होता. जाळीखाली रोपं, इकडे पेरू आठ, सीताफळ सहा, आणि जावेचा फोन: "ताई, आज कोणी विचारलं का हो?" गेल्या तीन वर्षांत मी इतकी सुखी कधी नव्हते. घरी येऊन मी चारही अल्बम पुसून ठेवले.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. ह्यांचं पोट बिघडलं होतं, निदान ते तसं म्हणाले. मी खुर्ची उघडली, अल्बम मांडीवर घेतले आणि दावा लावणारी बाई बसते तशी ताठ बसले. दहा-साडेदहाला पुढची बस थांबली आणि तिच्यातून जाऊ उतरली. एकटी. बसमधून. तिच्या चपलांना ढेकळांत चालायची सवय राहिली नव्हती.

"गाडी कुठे गेली?" मी विचारलं.

"गाडी आहे. हे नाही आले." ती विहिरीच्या काठावर टेकली. "ते अल्बम का? बघू?"

पुरावा विरुद्ध बाजूच्या हातात देऊ नये, हे काकांनी दहादा बजावलं होतं. पण ती माझी जाऊ होती, आणि तिने हात पुढे केला होता. ती पानं उलटायला लागली. ह्यांचे केस काळे, मग करडे, मग गेलेले. माझी तीच साडी पाच वर्षं. मग ती थांबली. "ताई, यात आम्ही पण आहोत."

मी वाकून बघितलं. खरंच. पहिल्या फोटोत खुर्चीच्या मागे सतरंजी, सतरंजीवर दीर पालथे झोपलेले, जाऊ लिंबाचं इवलंसं रोप हाताने झाकून बसलेली. मी ते लावलं तेव्हा पहाऱ्याला तीच होती, हे मी साफ विसरले होते. सोळा वर्षांच्या फोटोंत कुठे तिचा पदर, कुठे दिरांचा पाय. शेवटच्या तीन वर्षांत फक्त आम्ही दोघं आणि वर्तमानपत्र.

"कागद झाला आणि आम्ही यायचंच थांबलो," ती म्हणाली. "ह्यांना म्हटलं तर म्हणतात, कशाला? जमीन काय पळून जाते का? कागद आहे ना. रविवारी दिवसभर टीव्हीसमोर असतात. तुम्ही दोघं डबा घेऊन निघालात हे कळलं ना, की मला तुमच्या या खुर्चीचा इतका राग यायचा, ताई. म्हणून मग मी फोन करायचे. कोणी नसलं तरी करायचे. मी सांगितलेल्या चारांतले दोघे तर रस्ता विचारायला थांबलेले."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर जळत होतं, आणि तेही तीन वर्षं, आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. मी तिला म्हटलं, "राग म्हणजे नक्की कसा यायचा?" तिने पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारणार होते, पण तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी उठले आणि तिला खुर्ची दिली.

ती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "भाऊजींनी ह्यांना फोनवर सांगितलं. काका म्हणतात ते खरं का? दोन्ही तुमचे होतात?"

जाळीच्या कडेला रोपवाला उभा होता. त्या दिवसापासून त्याने एकही नवीन रोप मांडलं नव्हतं. नुसतं होतं त्यालाच पाणी घालत होता. एकोणीस वर्षं आम्ही तसेच उभे होतो, फक्त आम्हाला बसायला खुर्ची होती.

"काकांना काय कळतंय," मी म्हटलं. "ते जिन्यात राहतात." आणि रोपवाल्याला हाक मारून सांगितलं, "अहो, तुम्ही ह्यांचेच. मांडा तुमची रोपं."

पण कचेरीला मनाचा मोठेपणा चालत नाही. कारकुनाने समजावून सांगितलं की अदलाबदल करायला दोघींपाशी आपापला कागद हवा. म्हणजे आधी मी खडकांची मालकीण व्हायचं, मग ते जावेला देऊन तिच्याकडून माझी विहीर घ्यायची. नवीन नोटीस खडकावर चिकटवली. ती बकरीला पोचली नाही, उन्हाने सुटून उडाली. रोपवाल्याने शोधून आणली आणि स्वतः तिथे पहारा केला. शेवटी झालं सगळं. मध्ये अकरा दिवस मी कागदोपत्री जावेच्या खडकांची मालकीण होते. त्या अकरा दिवसांत मी तिला रोज फोन केला.

माझ्या नावाचा, विहिरीचा कागद हातात आला त्याच आठवड्यात मी आणि जाऊ तिथे असताना एक गाडी थांबली. माणूस उतरला, माती उचलली. "कागद कोणाच्या नावावर?"

"माझ्या," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे न बघता विहिरीत बघत राहिले. "पण विकायची नाही हो."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं त्याने.

"अगं, एकदा तरी आग्रह करायचा त्याने," मी म्हटलं.

"माझ्याकडे आला होता तो चहाला थांबला होता," जाऊ म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. "रस्ता विचारायला आलेला," ती घाईने म्हणाली.

पुढच्या रविवारी हे सकाळी उठले, पेपर घेतला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर जाऊन बसले. "आता कशाला जायचं? कागद झाला ना."

मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि त्या हातात पेरूची दोन रोपं दिली. सहा माझ्याकडे होती. खुर्ची काखेत मारली आणि आम्ही नेहमीची बस पकडली. खड्डे दोन दिवस आधी रोपवाल्याने माणूस लावून घेतले होते, वहीतल्या पावलांप्रमाणे.

आम्ही पोचलो तेव्हा दीर खडकावर सतरंजी टाकून पालथे झोपले होते, आणि त्यांच्या शेजारी, जाळीच्या सावलीत, जाऊ नवीकोरी घडीची खुर्ची टाकून बसली होती. तिने तिथूनच हात केला. मीही केला. माझी खुर्ची उघडली, एकोणीस वर्षांच्या सवयीने ती डावीकडे कलली, आणि मी बसले.

तिच्या खुर्चीला हात होते. आणि उजव्या हातावर पेला ठेवायला गोल खाच होती.